ठळक तिरपा टाइप व बोलीतील शब्दांची नोंद

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातून पूर्वी जो खार काढला जात असे, त्याच्या निरनिराळ्या प्रकारांना स्थानिक लोकांची स्वतंत्र नावे होती. जुन्या इंग्रजी लेखनातून ती नोंदलेली आढळतात : खुप्पल, भुस्की, पापडी आणि आणखी एक नाव, ज्याचा उच्चार ‘डल्ला’ असावा किंवा ‘दल्ला’ असावा. हा संदेह अकारण नाही. इंग्रजी ग्रंथांत देशी शब्द आला की तो तिरप्या टाइपात छापावा असा प्रघात होता. त्या तिरपेपणाने वाचकास एवढेच कळे की हा शब्द आपला नव्हे. तो कसा उच्चारावा हे त्यावरून कळत नसे. रोमन लिपीतील एकाच अक्षराने ‘ड’ आणि ‘द’ या दोहोंचे काम भागविले गेले, आणि ‘पापडी’तील ‘ड’च्या जागी ‘र’ येऊन बसला. जिल्ह्याच्या नावाचेही तेच झाले. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी गॅझेटियरच्या मुखपृष्ठावरील नावात ‘ढ’चा महाप्राण लोप पावलेला आहे.

टाइपाच्या वळणाचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का करावा, याचे उत्तर या उदाहरणात आहे. अक्षराचा तिरपेपणा वा ठळकपणा हा शोभेचा भाग मानला जातो. परंतु कोश, व्याकरण वा बोलीचा अहवाल हाती घेतला असता ही दोन्ही लक्षणे अर्थवाहक असल्याचे दिसून येते. त्यांचा संयोग म्हणजे ठळक तिरपा टाइप. त्याचे स्वरूप रोमन लिपीत कसे घडले आणि देवनागरीत ते जसेच्या तसे का उतरत नाही, हे येथे पाहावयाचे आहे.

रोमन लिपीतील सेरिफ टाइप म्हणजे ज्यात अक्षराच्या दांड्याच्या टोकाशी लहानशी आडवी रेघ असते आणि रेषांत जाड-बारीक असा भेद असतो तो टाइप. या टाइपाचे तिरपे रूप हे सरळ रूपास कलते करून मिळालेले नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. तो मुळात वेगळ्या हस्ताक्षराचा वंशज आहे. व्हेनिस येथील मुद्रक आल्डस मनुटियस याने 1501 साली व्हर्जिलच्या काव्याची छोट्या आकाराची आवृत्ती संपूर्णपणे या नव्या टाइपात छापली. त्याचे पोलादी ठसे फ्रान्चेस्को ग्रिफो याने कोरले होते. त्या काळी इटलीतील विद्वान व दप्तरांतील लेखनिक जे भरभर लिहिण्याचे वळण वापरीत, ते या टाइपाने उचलले. पहिल्या आवृत्तीत मोठी अक्षरे सरळच ठेवलेली होती. तिरपेपणा होता तो केवळ लहान अक्षरांपुरता. अर्थात् त्या वेळी तिरपा टाइप हा सरळ टाइपाचा सेवक नव्हता. संपूर्ण ग्रंथ एकात वा दुसऱ्यात छापला जाई. सरळ मजकुरात मधूनच एखादा शब्द तिरपा छापून त्यास वेगळे काढण्याची रीत सोळाव्या शतकाच्या ओघात रुळत गेली.

हा उगम आजही अक्षरांच्या आकृतीत दिसतो. रोमन वर्णमालेतील पहिले लहान अक्षर सरळ टाइपात दुमजली असते, ते तिरप्यात एकमजली होते. ‘एफ’चा दांडा ओळीखाली उतरतो. टोकाच्या आडव्या रेघा जाऊन त्या जागी लेखणी टेकताना व उचलताना होणारे आकडे येतात. अक्षरे अरुंद होतात. तिरपेपणा हे त्यांचे एकच लक्षण आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे नव्हे. टाइपशास्त्राचा इंग्रज अभ्यासक स्टॅन्ली मॉरिसन याने 1926 साली असे प्रतिपादन केले होते की, आदर्श तिरपा टाइप हा सरळ टाइपाचे केवळ कलते रूप असावा, म्हणजे दोहोंची जात एक राहील. त्या धोरणाने काही टाइप घडविलेही गेले. परंतु वाचकांस ते पुरेसे वेगळे वाटले नाहीत. ज्या टाइपाशी मॉरिसनचे नाव कायमचे जोडले गेले, त्या 1932 च्या टाइम्स न्यू रोमनमध्ये तिरपे वळण जुन्याच पद्धतीचे आहे.

ठळकपणाचा इतिहास याहून पुष्कळच अलीकडचा आहे. जाड टाइप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाहिरातींसाठी निघाले होते. पण मजकुराच्या आकारात, त्याच ओळीवर, साध्या टाइपाच्या शेजारी बसेल असा ठळक टाइप म्हणून 1845 साली लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेतून रॉबर्ट बेझली याने काढलेला क्लॅरेंडन प्रसिद्ध आहे. कोशांतील मुख्य शब्द वेगळा दिसावा, हा त्याचा एक ठरलेला उपयोग होता. बेझलीने तो कायद्याने नोंदविला. नोंदीचे संरक्षण तीन वर्षांचे होते, आणि ते संपताच इतर ओतशाळांनी त्याच्या प्रतिकृतींचा धडाका लावला. एका उत्तम कल्पनेचे याहून प्रामाणिक प्रशस्तिपत्र मिळणे कठीण.

तेव्हा ठळक तिरपा टाइप हा दोन निरनिराळ्या शतकांत, दोन निरनिराळ्या गरजांतून उत्पन्न झालेल्या भेदांचा गुणाकार होय. त्याचा उपयोग नेमका कोठे व का होतो, हे एवढ्यावरून उलगडते. ‘मुलगा, मुलगे, मुलगी, मुली’ या चौकडीत ‘मुली’ हे रूप ‘मुलगी’चे अधिक जोरकस रूप नव्हे, त्यात लिंग व वचन या दोन स्वतंत्र लक्षणांची मूल्ये एकत्र आली आहेत. सरळ-साधे, सरळ-ठळक, तिरपे-साधे, तिरपे-ठळक ही चौकडी त्याच जातीची आहे. तिरपेपणा सांगतो : हा शब्द येथे वापरलेला नसून उद्धृत केलेला आहे, किंवा तो परभाषेतील आहे, किंवा ते ग्रंथाचे नाव आहे. ठळकपणा सांगतो : ही जागा शोधणाऱ्या डोळ्यास सापडली पाहिजे. जेथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, तेथे ठळक तिरपा टाइप आपोआप येतो. जीवशास्त्रात जातीचे शास्त्रीय नाव तिरप्या टाइपात छापण्याचा संकेत आहे; लोणारच्या पाण्यास हिरवा रंग देणाऱ्या आर्थ्रोस्पिरासारख्या जिवाचे नाव ठळक शीर्षकात आले, तर ते ठळकही होते व तिरपेही राहते. येथे कोणी कशावर दुहेरी जोर दिलेला नाही. काही कोशांत ठळक मुख्य शब्दाखाली येणारे वाक्प्रचार ठळक तिरप्यात देतात, म्हणजे शोधण्याजोगे, परंतु मुख्य शब्दाहून निराळे. गणितात चल राशी तिरप्या अक्षराने दाखवितात. ती राशी सदिश असेल तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तेच अक्षर ठळक तिरपे होते. प्रदिशासाठी मात्र सेरिफ नसलेले ठळक तिरपे अक्षर सुचविलेले आहे, म्हणजे तेथे सेरिफ असणे वा नसणे हासुद्धा अर्थभेद झाला.

याच्या उलट, केवळ ओरडून सांगण्यासाठी ठळक तिरपा टाइप वापरणे हा त्याचा अपव्यय होय. निमंत्रणपत्रिका आणि परिपत्रके यांत तो फार दिसतो. मराठीत तर त्याची गरज आणखीच कमी आहे. इंग्रजी वाक्यात ज्या शब्दावर आघात द्यावयाचा तो तिरपा छापावा लागतो, कारण तो आघात कानास ऐकू येतो पण लिहिला जात नाही. मराठीत ‘शेगावलाच जावयाचे आहे’, ‘शेगावलाही जावयाचे आहे’ असे शब्दयोगी वा निपात जोडून तो भेद भाषेनेच लिहून ठेवलेला असतो. ‘च’ असताना त्याच शब्दास ठळक व तिरपा करणे म्हणजे एकाच कामास तीन माणसे लावणे होय.

आता देवनागरीकडे वळावयाचे. देवनागरीत रोमनच्या अर्थाने सेरिफ नाही. त्याच्याशी तुल्य असा भेद काढावयाचा तर तो बोरूच्या वळणाचा जाड-बारीक टाइप आणि सर्वत्र एकसारख्या जाडीचा टाइप यांत आहे. ठळक टाइप देवनागरी छपाईत मथळ्यांसाठी आला व सहज रुळला. तिरप्या टाइपाचे मात्र तसे झाले नाही. याचे कारण शोधताना एक मनोरंजक साम्य समोर येते. ज्या अर्थाने रोमन लिपीत तिरपे अक्षर हे दप्तराच्या शीघ्र हस्ताक्षराचे अपत्य आहे, त्या अर्थाने मराठीतही तशीच जोडी नांदत होती. बालबोध हे ग्रंथांचे व पोथ्यांचे वळण, तर मोडी हे पत्रव्यवहाराचे, हिशेबाचे व दप्तराचे. आधी सबंध ओळीची शिरोरेषा आखून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तो न उचलता खालची अक्षरे ओढीत न्यावयाची, ही मोडीची रीत सुपरिचित आहे. मोडीचे खिळेही ओतले गेले होते. श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण 1805 साली देवनागरीत निघाले, पण 1810 चा मराठी कोश त्याने मोडीत छापला.

म्हणजे आल्डसच्या व्हेनिसप्रमाणे येथेही दोन वळणांचे स्वतंत्र टाइप उपलब्ध होते. परंतु ते एका पानावर, एका वाक्यात, एकमेकांचे सोबती म्हणून कधी रुजले नाहीत. पुढे महाराष्ट्रातील छपाईची सारी प्रगती बालबोधीच्या बाजूने झाली. टॉमस ग्रॅहॅमने अमेरिकन मिशनच्या छापखान्यासाठी घडविलेले टाइप असोत की जावजी दादाजींच्या निर्णयसागराचे असोत, कीर्ती झाली ती बालबोध टाइपाची; मोडी दप्तरात राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तेथूनही गेली. 2014 साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली, तेव्हा कोणास असे सुचणे स्वाभाविक आहे की मोडीच देवनागरीची तिरपी सोबतीण का होऊ नये. कल्पना मोहक आहे. पण तिरप्या टाइपाचा सारा उपयोग वाचकाने तो सरळ टाइपाइतक्याच सहजतेने वाचावा यावर अवलंबून असतो. ज्या लिपीसाठी आज अभ्यासवर्गास बसावे लागते, तिला हे काम सांगता येणार नाही.

मग उरला तो यांत्रिक मार्ग : सरळ देवनागरी अक्षर उजवीकडे कलते करावयाचे. संगणकावर हे एका कळीने होते, आणि येथेच अडचणीस आरंभ होतो. रोमन लेखणी व देवनागरी बोरू यांच्या टोकाचा छाट परस्परविरुद्ध असतो. म्हणून रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरकस रेषा जाड पडते, तर देवनागरीत डावीकडून उजवीकडे वर चढणारी रेषा जाड पडते. ‘ठ’चे वर्तुळ पाहिले असता वरची डावी आणि खालची उजवी बाजू भरीव दिसते ती यामुळे. आता सबंध अक्षर 12 अंशांनी उजवीकडे कलविले असे मानू. 45 अंशांत चढणारी रेषा यामुळे अधिक आडवी होते व तिची जाडी सुमारे शेकडा 10 ने घटते. 45 अंशांत उतरणारी रेषा अधिक उभी होते व तिची जाडी सुमारे शेकडा 11 ने वाढते. रोमनमध्ये यामुळे जाड रेषा अधिक जाड व बारीक अधिक बारीक होते, म्हणजे मूळचा भेद फाजील वाढतो. देवनागरीत नेमके उलट होते : जी जाड हवी ती रोडावते, जी बारीक हवी ती सुजते, आणि बोरूच्या वळणाचा जो प्राण तोच हरवतो. साध्या वजनाच्या टाइपात हे निभावून जाते. ठळक टाइपात आधीच अक्षराच्या पोटातील पांढरी जागा कमी झालेली असते. तेथे बारीक रेषेस आलेली सूज सहन होत नाही.

शिरोरेषेमुळे आणखी एक गोष्ट घडते. ती आडवीच राहते, तिच्यावरच्या मात्रा, रफार व अनुस्वार उजवीकडे सरकतात, खालचे उकार डावीकडे जातात. ओतीव खिळ्यांच्या काळी जेथे मात्रा-वेलांट्या वेगळ्या खिळ्यांवरून जुळवीत, तेथे अशा कलत्या टोकांना शेजारच्या खिळ्यावर झुकावे लागे व ती मोडत; आजच्या साधनांत मोडण्याचे भय नाही, पण ‘र्की’सारख्या अक्षरात रफार आणि वेलांटी यांची दाटी होण्याचे आहे.

याचा भाषाशास्त्रीय परिणाम काय? देवनागरीतील काही वर्ण फार थोड्या खुणेने एकमेकांपासून वेगळे राहतात. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांतील अंतर म्हणजे शिरोरेषेत ठेवलेली एक खंड जागा आणि डाव्या टोकाची लहानशी गाठ. ठळकपणाने ती जागा बुजते, कलतेपणाने गाठ हलते. ‘भात’ व ‘मात’, ‘धार’ व ‘घार’ हे चालू मजकुरात संदर्भाने वाचले जातात. पण बोलीच्या शब्दसूचीत संदर्भ नसतो. तेथे शब्द एकटा उभा असतो, आणि तो वाचकास पूर्वी ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक. ‘ढ’च्या आतील वळसा भरून आला म्हणजे त्याचा ‘ट’ किंवा ‘ठ’ होण्यास वेळ लागत नाही. इंग्रजी गॅझेटियरने ‘ढ’ गमावला तो लिपीच्या दोषाने. स्वतःच्या लिपीत तो टाइपाच्या हौसेने गमावणे अधिक शोचनीय होय.

बुलढाणा जिल्ह्याच्या बोलीचा विचार केल्यास हा धोका काल्पनिक नाही, हे पटेल. हा जिल्हा लोकव्यवहारात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असा विभागला जातो. घाटाखालचा शेगाव-जळगाव जामोदचा भाग आणि घाटावरचा, जालना जिल्ह्याशी लागून असलेला देऊळगाव राजा-सिंदखेड राजाचा भाग यांची बोली एकसारखी नाही. वऱ्हाडीची जी लक्षणे सर्वत्र सांगितली जातात, म्हणजे ‘डोळा’चा ‘डोया’, ‘काळा’चा ‘काया’, ‘पाणी’चे ‘पानी’, ‘मला’चे ‘मले’, ती कोणत्या गावी कितपत आढळतात हे नोंदवावयाचे म्हणजे ‘ळ’ की ‘य’, ‘ण’ की ‘न’ एवढ्यावरच सारे अवलंबून असते. ‘ळ’ची दोन पोटे आणि ‘ण’चे दोन दंड ही ठळक तिरप्या टाइपात सर्वांत आधी चिकटणारी स्थळे होत. नोंद घेणाऱ्याचा कान तीक्ष्ण असून चालत नाही. ती छापणाऱ्या अक्षराचे पोटही उघडे असावे लागते.

याशिवाय एक प्रश्न शिष्टाचाराचाही आहे. मराठी पुस्तकात वऱ्हाडी शब्द आला असता तो तिरपा करावा काय? इंग्रजांनी ‘पापडी’ तिरपी छापली, ती परभाषेतील म्हणून. प्रमाण मराठीच्या मजकुरात ‘मले’ तिरपे छापले, तर तीच खूण वाचकास सांगते की हा शब्द घरचा नव्हे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही 1960 ची कादंबरी वऱ्हाडी संवादांनी भरलेली आहे. असे संवाद कोणी तिरपे छापू लागला तर पाने पडावयास आल्यासारखी दिसतील, आणि सरळ उभे राहण्याचा मान केवळ निवेदकाच्या भाषेस उरेल. शास्त्रीय लेखनात उद्धृत रूप वेगळे दाखविणे अवश्यच आहे. पण तेथे प्रमाण रूपही उद्धृत असते. ‘डोळा’ सरळ आणि ‘डोया’ तिरपे असे छापणे हा तर्कदोष आहे. दोन्ही एकाच प्रकारे चिन्हित झाली पाहिजेत.

हे चिन्ह कोणते असावे याविषयी देवनागरीस पर्याय थोडेच आहेत. जर्मन मुद्रक गॉथिक टाइपात अक्षरे विरळ करून शब्द उठावदार करीत. देवनागरीत शिरोरेषा तुटते म्हणून ते शक्य नाही. अधोरेषा उकारांस छेदते. पोथीलेखकांनी तांबडी शाई वा गेरू वापरून हा प्रश्न सोडविला होता, आणि पुष्पिका दुरूनही डोळ्यांत भरे; परंतु दुरंगी छपाई प्रत्येक विभागास परवडेलच असे नाही. राहता राहिले अवतरणचिन्ह, ठळकपणा आणि टाइपाची जात.

आज उपलब्ध असलेल्या टाइपांचीही स्थिती हीच बाब दर्शविते. नोटो सेरिफ देवनागरी या कुलात अतिबारीकपासून अतिठळकपर्यंत नऊ वजने आहेत, पण तिरपे वळण नाही. टिरो देवनागरी मराठी यात सरळ व तिरपे अशी दोन वळणे आहेत, पण ठळक नाही. र. कृ. जोशी यांनी घडविलेल्या आणि संगणकांबरोबर घरोघर पोचलेल्या ‘मंगल’मध्ये स्वतंत्र तिरपे वळण मुळातच नाही, पडद्यावर जे तिरपे ‘मंगल’ दिसते ते यंत्राने ओढून कलविलेले असते. या कुलांच्या अक्षरकारांनी चौकडीतील चौथे घर रिकामे ठेवले आहे, आणि ते घर भरण्याचे काम यंत्र कोणास न विचारता करीत असते. प्रबंधात ठळक शीर्षक, त्यात उद्धृत शब्द, आणि त्यावर तिरपेपणाची कळ, एवढे झाले की वर वर्णिलेले सर्व दोष एकत्र उपस्थित होतात.

प्रबंधलेखकासाठी व्यवहार्य मार्ग असा दिसतो. मजकुरातील उद्धृत रूप, मग ते घाटाखालचे असो वा पुण्याचे, एकेरी अवतरणात व सरळ टाइपात द्यावे. शब्दसूचीत तेच रूप सरळ ठळक टाइपात, मजकुराहून एक पॉइंट मोठे घ्यावे, म्हणजे ‘ळ’, ‘ण’, ‘ढ’ यांच्या पोटात पांढरे उरेल. ठळक शीर्षकात उद्धृत रूप आले तर अवतरण कायम ठेवावे; फारच वेगळेपणा हवा असल्यास शीर्षक जाड-बारीक टाइपात व उद्धृत रूप एकसारख्या जाडीच्या ठळक टाइपात जुळवावे. रोमन लिप्यंतर द्यावयाचे असेल तेथे मात्र तिरपा टाइप, आणि शीर्षकात ठळक तिरपा टाइप, निःशंकपणे वापरावा. त्या लिपीत तो स्वगृही आहे. फक्त मूर्धन्य वर्णाखालचा बिंदू तिरप्या ठळक अक्षराच्या शेपटीत मिसळला नाही ना, हे मुद्रिते तपासताना प्रत्येक ‘ड’, ‘ढ’, ‘ण’, ‘ळ’पाशी थांबून पाहावे.